मुकी पट्टी

हातात स्क्रू ड्रायव्हर असेल तर आधी तो खाली ठेवा, मग बोलतो. मी बोईसरच्या एका चाळीतला जुना कीबोर्ड. बत्तीस पट्ट्यांचा, सेलवर चालणारा, पोटाला सहा स्क्रू. माझा माणसांवर फारसा विश्वास नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते दातिवऱ्याच्या देवूपासूनचं. देवू हळदीला, लग्नाला वाजवायचा. मांडवातला घाम, सांडलेलं सरबत, नाचणाऱ्यांचे धक्के, सगळं माझ्याच अंगावर. खाऱ्या हवेनं माझ्या पोटात गंज धरला आणि मधली एक काळी पट्टी मुकी झाली. पुढे देवूनं मोठा कीबोर्ड घेतला आणि मला विकायला काढलं.

"वाजतो चांगला. एकच पट्टी वाजत नाय. आमी काय लपवत नाय," तो गिऱ्हाइकाला सांगत होता. सेलच्या खाचेतला हिरवा गंज मात्र त्यानं बोटानं झाकून धरला होता. तेव्हापासून कुणी 'लपवत नाही' म्हटलं की मी सावध होतो.

ते गिऱ्हाईक म्हणजे रामकिसन. परभणीकडचा माणूस, तारापूरच्या एमआयडीसीत खिळे पाडणाऱ्या मशीनवर कामाला. दिवसभर कानाशी खडखडाट, संध्याकाळी घरी येऊन भजन. तो मला 'पेटी' म्हणायचा. मला राग यायचा, पण त्याचा हात हलका होता म्हणून चालवून घेतलं. मुकी पट्टी आली तरी तो अडायचा नाही. तेवढा एक सूर स्वतःच्या गळ्यातून काढायचा आणि पुढे जायचा. त्याची बायको रत्नाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "निम्मी पेटी, निम्मे तुमी." वीस वर्षं आमचं असं छान चाललं.

मग तो रिटायर झाला आणि घरात संशय शिरला.

"पेटीचे सेल कोण काढायलंय?" एके सकाळी तो ओरडला. "वरच्या पट्ट्या वाजंनात!"

सेल नवेकोरे होते. मी घसा फोडून वाजत होतो. पण त्याला माझ्या खालच्याच पट्ट्या ऐकू येत होत्या. वरचे सूर खिळ्यांच्या मशीननं त्याच्या कानांतून कधीचेच नेले होते. बायको आणि मुलगी बोलू लागल्या की त्याला वाटे, आपल्याबद्दलच चाललंय. "काय कुजबुजायलात दोघी?" रत्नाबाई "काही नाही हो" म्हणाली की तो आणखीच चिडायचा. कानाच्या मशीनचं नाव काढलं तर ताटावरून उठायचा. आणि मुकी पट्टी आली की आता तो गात नसे. मला वाटलं, हा माझ्यावर रुसला. फार लागलं मला ते.

शेवटी त्यानं जाहीर केलं, "पेटी मेली. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाका."

शनिवारी दुपारी त्याची मुलगी राजनंदिनी फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "बाबांचा कीबोर्ड बेंड करतेय. ते पालघरला गेलेत, तेवढ्यात उरकते. त्यांना आधी कळलं तर हातच लावू देणार नाहीत."

बेंड! म्हणजे वाकवणार! मी प्लॅस्टिकचा, वाकवला की मोडलाच. तेही बापाच्या माघारी! ही पोरगी इन्व्हर्टरच्या कारखान्यात दिवसभर तारा जोडायचं सोल्डरिंग करते. हिला माझे पार्ट हवे असणार, अशी माझी खात्रीच पटली.

तिनं सहाही स्क्रू काढले. गंज खरवडला. मग बोट ओलं करून माझ्या पोटातल्या सोल्डरच्या ठिपक्यांवर टेकवलं, आणि माझ्या तोंडून रेड्यासारखा आवाज निघाला.

"अगं बाई, काय करायलीस?" रत्नाबाई पिठाच्या हातांनी धावत आली. "बापाला काय सांगू मी?"

"मोडत नाहीये गं, आई. बेंड करणं म्हणजे आतली जोडणी बदलून आवाज बदलणं. ओल्या बोटानं शोधला तो हा एवढासा तुकडा आहे ना, तो ह्याचा वेग ठरवतो. त्याच्या जागी जुन्या रेडिओचं फिरवायचं बटण लावते. मग वेग कमी केला की सगळे सूर खाली येतील. बाबांचे कान वर जात नाहीत, तर सूरच खाली आणू."

माझा विश्वास बसला नाही. सोल्डरिंगचं गरम टोक आत शिरलं, धूर निघाला. माझा बारीक, गोड आवाज गेला आणि त्या जागी एक जाडा, घोगरा आवाज आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी रामकिसन परतला आणि माझ्या अंगावरचं काळं बटण पाहून भडकला. "मला न विचारता? म्हणजे दोघींचं हेच चाललं होतं!"

"आधी वाजवा तर," रत्नाबाई मोठ्यानं म्हणाली.

त्यांची लबाडी उघडी पाडायची म्हणून त्यानं मुद्दाम सगळ्यांत वरची पट्टी दाबली. आणि हात तिथेच राहिला. पुन्हा दाबली. मग शेजारची. मग खाली बसून त्यानं जुनं भजन धरलं. मुकी पट्टी जवळ येत होती, आणि मला भीती वाटत होती. तिथे पोचताच त्यानं तो सूर गळ्यातून काढला. जुना उंच सूर नव्हे; खालचा, अगदी माझ्या नव्या घोगऱ्या आवाजाला लागून. मी ऐकू आल्याशिवाय त्याला तो लागलाच नसता.

"निम्मी पेटी, निम्मे तुमी," रत्नाबाई पुटपुटली.

"काय म्हणालीस? मोठ्यानं म्हण की," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्या विचारण्यात संशय नव्हता. तिनं मोठ्यानं म्हटलं, आणि तो हसला.

भंगारवाला येऊन गेला, मी इथेच आहे. पण राजनंदिनीवर माझी नजर असते. काल ती म्हणाली, "ती काळी पट्टी पण साफ करून टाकते, पाच मिनिटांचं काम." म्हणून तुम्हाला विनवतो, तिला कुणीतरी समजावा. हवं तेवढं वाकव मला, म्हणावं. ती एक पट्टी तेवढी मुकीच राहू द्या. तिथे रामकिसन वाजतो.