आईचा लांब श्वास

आमच्या आईचा हट्ट म्हणजे हट्ट. खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा होत आला, आणि डॉक्टर म्हणाले होते, सगळं ठीक राहिलं तर आज घरी सोडू. तेव्हापासून बाईसाहेब कुठे काही होतंय हे कबूल करायलाच तयार नाहीत.

आई गाण्याची शिक्षिका. जन्मभर मुलांना श्वास पुरवून वापरायला शिकवलं आणि मला एका दमात झापलं. डबा जरा उशिरा आणला, की भाजीच्या मिठापासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार, मध्ये कुठेही न थांबता. आज तर मी चांगला तासभर उशीर केला. आई नुसतं "आलीस?" म्हणाली आणि गप्प झाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी डबा तसाच ठेवून तिच्याकडे निरखून बघू लागले.

तेवढ्यात सिस्टर आल्या. गोड बाई, प्रत्येक गोष्ट सांगून करायच्या. "आजी, आता श्वास मोजते हं," म्हणाल्या आणि घड्याळ बघू लागल्या. झालं! आईने डोळे मिटले आणि वर्गात बसल्यासारखे संथ, लांब श्वास घेतले. मिनिटाला अठरा भरले. बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावरचा आकडाही बरा होता. सिस्टर खूश होऊन पलीकडच्या खाटेकडे वळल्या, आणि इकडे आईच्या नाकपुड्या फुलायला लागल्या, मानेच्या शिरा ताणल्या.

विचारलं तर म्हणे, काही नाही. मग मीही तिचीच लेक. नाडी बघते म्हणून मनगट धरलं आणि नजर मात्र तिच्या छातीवरच्या चादरीवर ठेवली. पूर्ण मिनिट मोजलं. चौतीस. चुकलं असेल म्हणून परत मोजलं, तर जास्तच भरले.

"नाडी... मनगटात असते," आई म्हणाली. "चादरीकडे... काय... बघतेस?"

मी सिस्टरना हाक मारली, तशा त्या धावत आल्या. आई त्यांच्याकडे बघून हसली. हाताने मला गप्प बसवलं, डोळे मिटले आणि मघासारखा लांब श्वास घ्यायला गेली.

तो अर्ध्यातच तुटला. तिने पुन्हा घेऊन पाहिला, पुन्हा तुटला. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला पळाल्या. आईने डोळे उघडले आणि माझं मनगट घट्ट धरलं. इतक्या वर्षांत ती घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

"घरी..." ती म्हणाली, आणि पुढचं बोलायला तिला श्वास पुरला नाही.