दाराच्या काचेवरचं कापड

आमच्या शाळेतल्या प्रत्येक दाराला काच आहे, आणि ती माझ्या हट्टाने बसली आहे. मी इथली उपमुख्याध्यापिका. मुलांच्या सुरक्षेचं कामही माझ्याकडेच. मुख्याध्यापिका सिस्टरांचं डोकं खाऊन खाऊन मी सुतार बोलावला आणि दारं कापून घेतली. खोलीत एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस असेल तर बाहेरून दिसलंच पाहिजे, मग तो माणूस शिपाई असो की खुद्द बिशप. दुसरा नियम असा, की शंका आली तर त्या माणसाला विचारत बसायचं नाही. चोवीस तासांत बाहेरच्या समितीला कळवायचं. शाळा सुरू होताना दरवर्षी मी हे शिक्षकांसमोर घसा फोडून सांगते. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, म्हणून मुलं मला पाठीमागे ‘किल्ल्या’ म्हणतात. माझ्या आधी त्या किल्ल्यांचा आवाज पोचतो.

मी जात्याच संशयी आहे, असं आई म्हणते. ते खोटं आहे. फार वर्षांपूर्वी मी एका गोडबोल्या सरांवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. एका मुलीने त्यापायी शाळा सोडली. संशय मी त्यानंतर शिकले.

गेल्या वर्षी शाळेत मुलांचे संस्कारवर्ग आणि रिट्रीट, म्हणजे दोन दिवसांचं प्रार्थना-शिबिर, घेणारे नवे फादर आले. माझाच सख्खा धाकटा भाऊ. घरचा बाळ्या. शाळेत मी त्याला ‘फादर’ म्हणायचं आणि त्याने मला ‘मॅडम’, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं. चारचौघांत तो मान लववून “हो मॅडम” म्हणायचा, आणि आजूबाजूला कुणी नसलं की लगेच, “ताई, डब्यात काय आणलंस?”

ईस्टरला दोन आठवडे राहिले होते. त्या सोमवारी मधल्या सुट्टीनंतर मी वरच्या मजल्यावरून चालले होते. बाळ्याच्या खोलीचं दार बंद होतं आणि दाराच्या काचेवर जांभळं कापड होतं. चारी कोपऱ्यांना टाचण्या, तसूभर फट नाही. आतून नववीतल्या एका मुलीचं रडणं येत होतं. कॉयरमध्ये गाते ती, आवाज ओळखीचा. मधेच बाळ्याचं हळू बोलणं, आणि कसलीशी खडखड.

मी किल्ल्या मुठीत धरल्या आणि उभी राहिले.

कापड चर्चमधलं होतं. ईस्टरच्या आधी पुतळे आणि क्रूस झाकतात, त्यातलं. पण इथे ना पुतळा, ना क्रूस. मग माझ्या मनात आलं, बाळ्याने मुद्दामच हे निवडलं. चर्चच्या कापडाला हात लावायची हिंमत कोण करणार? मी दार वाजवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. आत जे दिसेल ते मला बघायचं नव्हतं. एवढं सरळ आहे ते.

त्या दुपारी माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाळ्या मुलांना एवढा का आवडतो? खिशात गोळ्या कशाला ठेवतो? आईकडे आला की मुलांच्या गोष्टी सांगताना त्याचे डोळे चमकतात, त्याचं आजवर मला कौतुक होतं. आता तेच खटकायला लागलं. मंगळवारी कापड तसंच होतं. तीच मुलगी वही छातीशी धरून त्याच्या खोलीत जाताना मी जिन्यातून पाहिली. पाहिली आणि खाली उतरले.

संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला. “ताई, चेहरा का उतरलाय? बरं नाही का?”

“डोकं दुखतंय.”

“चहा सांगू?”

“नको म्हटलं ना!” मी ओरडलेच. तो निघून गेला. तो जाईपर्यंत मी त्याचे हात बघत होते.

रात्री आईला फोन लावला आणि ती काही विचारायच्या आत ठेवून दिला. तिला काय सांगणार होते? बुधवारी सकाळी मात्र समितीचा फॉर्म काढला. ‘कुणाबद्दल’ या रकान्यात भावाचं पद लिहिलं. ‘प्रथम कधी लक्षात आलं’ या रकान्यात ‘बुधवार’ लिहिलं. पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

समितीने त्याला त्याच दिवशी शाळेपासून लांब राहायला सांगितलं. एक वकीलबाई आणि दुसऱ्या संस्थेतल्या एक सिस्टर चौकशीला आल्या. त्यांनी खोली बघितली, मुलीशी तिच्या आईसमोर बोलल्या आणि मग चर्चमधली वस्त्रं, मेणबत्त्या सांभाळणाऱ्या काकांना बोलावलं. काका कापड बघून आनंदाने म्हणाले, “हे मीच लावलं की! शनिवारी सगळ्या मूर्ती झाकल्या. इथे काचेवर चित्र आहे ना प्रभूचं, ते कसं उघडं ठेवणार?”

टाचण्या काढल्या. काचेच्या मधोमध मेंढपाळ येशूचं तळहाताएवढं स्टिकर होतं. काच बसवली तेव्हा मुलं त्यावर आपटू नयेत म्हणून ते मीच चिकटवलं होतं. साफ विसरले होते.

पुढचं वकीलबाईंनी सांगितलं. काच झाकलेली दिसल्यावर बाळ्याने मागचं, व्हरांड्याकडचं दार सताड उघडं ठेवलं होतं. दारातच शिवणाच्या बाई मशीनवर रिट्रीटचे बॅनर शिवत बसल्या होत्या. खडखड ती होती. मुलीचे वडील मागच्या वर्षी गेले. रिट्रीटमध्ये ती त्यांच्याबद्दल सगळ्यांसमोर बोलणार होती. वहीतलं वाचताना रडू यायचं, म्हणून बाळ्या तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत होता.

रिट्रीट त्या शनिवार-रविवारी दुसऱ्याच फादरांनी उरकली. मुलगी बोलली नाही.

सहाव्या दिवशी बाळ्या परत आला. मी त्याच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. तो खुर्च्या गोल मांडत होता. आम्ही दोघंच होतो, तरी तो म्हणाला, “बसा, मॅडम.”

मी बसले नाही. “बाळ्या, मला माफ कर. माझं कामच असं आहे की...”

“कळवलंत त्याचा मला राग नाही. कळवायलाच हवं होतं. मुलांच्या बाबतीत माझ्यावरसुद्धा कुणी आंधळा विश्वास ठेवू नये.” त्याने एक खुर्ची सरकवली. “वकीलबाईंनी मला फॉर्म वाचून दाखवला. त्यात बुधवार लिहिलंय.”

माझा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

“सोमवारी दाराबाहेर किल्ल्या वाजत आल्या आणि एकदम थांबल्या. मी ऐकल्या. मला वाटलं, आता तुम्ही आत याल.” आता त्याने माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला खरंच वाटलं होतं ना, मी तसा आहे?”

खोटं बोलायची सोय नव्हती. “वाटलं.”

“मग मंगळवारी त्या पोरीला माझ्या खोलीत जाऊ कसं दिलंत?”

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. तो पुन्हा खुर्च्या लावायला लागला. मी बाहेर पडले.

ऑफिसात येऊन मी नवा फॉर्म काढला. ‘कुणाबद्दल’ या रकान्यात लिहिलं : उपमुख्याध्यापिका. ‘काय घडलं’ यात लिहिलं, मूल धोक्यात आहे असं वाटत असूनही दोन दिवस कळवलं नाही, कारण संशय स्वतःच्या भावावर होता. मग कमरेचा जुडगा सोडून मुख्याध्यापिका सिस्टरांच्या टेबलावर ठेवला, आणि ‘प्रथम कधी लक्षात आलं’ या उरलेल्या रकान्यात ‘सोमवार’ लिहिलं.