सात चाळीसची बोट

बेटावरची परिचारिका व्हिर्वे, तिच्या केंद्रातून आलेल्या रक्ताच्या प्रत्येक नमुन्यासमोर वेळ एकच होती. सात चाळीस. तीन वर्षांतले अकराशे बारा नमुने, सगळे सात चाळीसचे.

माझं काम तार्तू शहरात, पडद्यासमोर. आरोग्यकेंद्रं त्रेचाळीस, प्रत्येकाचा संगणक आपल्या पद्धतीने चालणारा. त्या सगळ्यांच्या नोंदींचा अर्थ मात्र एकच लागला पाहिजे, हे आमच्या गटाने पाहायचं. ‘नमुन्याची वेळ’ म्हणजे सुई शिरेत गेली तो क्षण, असं आम्ही ठरवलं होतं. एक मार्चनंतर ज्या केंद्राच्या नोंदींवर माझी सही नसेल, त्याला रक्त घेता येणार नव्हतं. बेचाळीस सह्या झाल्या होत्या. राहिलं होतं व्हिर्वेचं बेट.

“ती बाई शेगडीजवळ बसून आकडे भरते,” आमचा प्रमुख तार्मो म्हणाला. “आएत, तू कशाला जातेस? बंद करून टाक. किनाऱ्यावरचं त्यांच्या शेजारचं केंद्र बघ. सहा पाच, सहा दहा, सहा पंधरा. कशा स्वच्छ नोंदी!”

“आणि बेटावरच्या दोनशे माणसांनी सुई टोचून घ्यायला बोटीने यायचं?”

“मासे विकायला येतातच की.”

मी गेले. माझाही संशय तार्मोपेक्षा फार वेगळा नव्हता, फक्त मला तो डोळ्यांनी पाहायचा होता.

धक्क्यावर लाल लोकरी टोपीतली साठीची बाई उभी होती. “तार्तूहून माणूस आलं म्हणजे कुलूप घेऊनच आलं असणार,” व्हिर्वे म्हणाली. “चल लेकी, आधी कॉफी घे.”

तिने राईचा पाव आणि धुरावलेला मासा समोर ठेवला. मी सरळच विचारलं.

“सात चाळीस बरोबर आहे,” ती म्हणाली.

“सगळ्यांचं रक्त एकाच मिनिटाला घेता?”

“असं मी कधी म्हटलं?”

खिडकीत एक वही होती. माझी नजर तिकडे गेली, तशी तिने टेबल पुसता पुसता ती उचलून खणात टाकली. मी ते लक्षात ठेवलं.

सकाळी सहाला तिच्याबरोबर निघाले. ढकलगाडीसारखी तिची बर्फावरची घसरगाडी, तिच्यावर नमुन्यांची पेटी बांधलेली. पहिलं घर आंदोचं. म्हातारा, हृदयाचा रोगी.

“डॉक्टरने बटाटे बंद केले, गोळ्या अर्ध्या केल्या,” तो मला सांगू लागला. “आता खायचं काय, बर्फ?”

“पोटॅशियम वर गेलंय तुमचं,” व्हिर्वे म्हणाली.

“माझं काय वर जातंय, बाई! मला जिना चढवत नाही.”

सुई सहा चौदाला टोचली. व्हिर्वेने काहीच लिहिलं नाही. मी लिहिलं. अशी नऊ घरं झाली. धक्क्यावर तिने पेटी नावाड्याच्या हातात दिली. बोट बर्फ फोडत सुटली, वळणापलीकडे गेली. तेव्हा कुठे व्हिर्वेने फोन काढला आणि नऊ वेळा सात चाळीस भरलं, बोट सुटायची ठरलेली वेळ.

“आत्ता का?”

“आत्ता गेली म्हणून. आधी मी सुईचीच वेळ भरायचे. पण वारा फिरला की बोट परत येते. रक्त फेकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचायचं. नोंद मात्र तिकडे पोचलेली. मग लोकांना पत्रं, तुमचा नमुना गहाळ आहे. मेएलीला वाटलं, तिचा कर्करोग लपवताहेत. आठवडाभर जेवली नाही. बोट सुटेपर्यंत इथे काहीच घडलेलं नसतं, लेकी.”

घरी आल्यावर तिने वही स्वतःच काढून दिली. बोट परतल्याच्या तारखा होत्या, दोनदा टोचलेल्यांची नावं होती. “हे पाहिलं असतं तर म्हणाली असतीस, बेटच कामाचं नाही.”

मला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. नमुने प्रयोगशाळेत अकरा वीसला पोचतात. टोचल्यापासून पोचेपर्यंत मर्यादा चार तासांची. सात चाळीसपासून मोजलं तर बसतं. सहा चौदापासून मोजलं तर पाच तासांच्या वर. तसंच पडून राहिलेल्या, गार पडलेल्या रक्तात पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. डॉक्टर तो आकडा ताज्या रक्ताचा समजून वाचत होता.

“आंदोचं पोटॅशियम कधी वाढतं?”

“हिवाळ्यात. उन्हाळ्यात बरं असतं.” ती थांबली. मग हळूच खाली बसली. “मला वाटायचं, हिवाळ्यात तो चोरून बटाटे खातो. किती बोलले मी त्याला.”

मी तिथूनच डॉक्टरला फोन केला. आंदोच्या गोळ्यांचा निर्णय तो नव्या, ताज्या तपासणीनंतर घेणार होता. मग केंद्राच्या मंजुरीच्या अर्जावर लिहिलं: वेळा दोन हव्यात, सुईची आणि बोट सुटल्याची. बोट परतली तर नमुना ‘रद्द’, ‘गहाळ’ नव्हे. रक्त फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या करणारं यंत्र बेटावर हवं. ते येईपर्यंत बोटीने पोटॅशियमची तपासणी नाही. खाली सही केली.

व्हिर्वे सही वाळताना पाहत होती. “त्या बेचाळीस ठिकाणी गेली होतीस?”

“नाही.”

“का?”

“त्यांच्या नोंदी बरोबर दिसत होत्या.”

तिने माझ्या बशीतले काटे गोळा केले आणि मांजरीपुढे टाकले.

दुपारच्या बोटीत मी शेजारच्या केंद्राच्या नोंदी उघडल्या. सहा पाच. सहा दहा. सहा पंधरा. तीन वर्षांत कुणाची शीर सापडायला वेळ लागला नव्हता, कुणाला भोवळ आली नव्हती, कुणी उशिरा आलं नव्हतं.

तार्मोला फोन लावला. “व्हिर्वेच्या केंद्रावर सही केलीय. बाकीच्या बेचाळीस मागे घेतेय.”

“वेड लागलंय का? नऊ दिवस उरलेत.”

“ते ठाऊक आहे. त्या शेजारच्या केंद्रात रुग्णांना आणणारी पहिली बस कितीला पोचते, तेवढं बघून सांग.”

तो बघत होता. “सहा पन्नास,” तो म्हणाला. “पण त्यांची पहिली सुई तर सहा पाचची आहे.”