आईच्या गाडीचा नंबर

"तुमच्या वडिलांनी पैसे भरले, पण भलत्याच गाडीसाठी?" न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हो, मॅडम. आईच्या गाडीसाठी. आई गेल्यावर आम्ही ती विकली होती."

इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या कोर्टातली ती खोली एखाद्या मुख्याध्यापिकेच्या खोलीएवढी होती. टेबलाच्या एका बाजूला पार्किंग कंपनीच्या वकील मिसेस थर्लबी, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे प्लास्टिकच्या पाकिटात पार्किंगचे पैसे भरल्याची पावती. पार्किंगचे पैसे भरले नाहीत म्हणून वडिलांविरुद्ध एकतर्फी निकाल लागला होता. तो रद्द व्हावा म्हणून त्यांच्या वतीने मी अर्ज केला होता. वडील त्याआधीच, मे महिन्यात गेले.

माझे वडील सिरिल डॉब्नी यांनी एकतीस वर्षं घरोघर जाऊन गॅसचे मीटर वाचले. जिन्याखाली गुडघे टेकून, बॅटरीच्या उजेडात. आकडा लिहायचा, पुन्हा वाचायचा, मगच उठायचं. घर विकून लहान फ्लॅटमध्ये आले तेव्हा दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी नवा पत्ता कळवला. स्वतःच्या गाडीच्या कागदांवर मात्र जुनाच राहिला. दाव्याची पत्रं तिकडे गेली आणि तिथल्या नव्या लोकांनी रद्दीत टाकली. वडिलांना कळलं ते थेट फेब्रुवारीत, फोनच्या दुकानात. विक्रेतीने चारचौघांत सांगितलं, "आजोबा, तुमच्या नावावर कोर्टाचा निकाल आहे. हप्त्याने फोन नाही मिळायचा."

"फेब्रुवारीत कळलं आणि अर्ज जूनमध्ये," मिसेस थर्लबी म्हणाल्या. "असा अर्ज ताबडतोब करावा लागतो. एवढा उशीर का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. उत्तरही ठाऊक होतं. ते परक्या माणसांसमोर उच्चारायचं कसं, एवढंच ठरत नव्हतं.

पावती मला मार्चमध्येच त्यांच्या कोटाच्या खिशात सापडली होती.

"बाबा, हे बघा. पैसे भरलेत तुम्ही. निकाल रद्द होईल."

त्यांनी चष्मा लावून नंबर वाचला. पुन्हा वाचला.

"ठेवून दे ते."

"अहो, पण का?"

"कोर्टात काय सांगू? मीटरवाल्याला आकडा कळत नाही म्हणून?"

"चूक होते माणसाची."

"चूक नाही गं ती."

समुद्रावर गेलो की पार्किंगच्या यंत्रापाशी, गाडीचा नंबर टाकून पैसे भरायला, नेहमी आई उतरायची. सतरा वर्षांत तिला स्वतःच्या गाडीचा नंबर पाठ झाला नाही. "सिरिल, काय रे आपला नंबर?" ती तिकडून विचारायची, आणि बाबा काच खाली करून ओरडायचे, "एफएक्स झिरो फोर केडीव्ही! हातावर गोंदवून घे एकदा, बाई." रांगेतले लोक हसायचे. मला वाटतं, तिला तो येत होता.

"त्या दिवशी मीच उतरलो," ते म्हणाले. "यंत्राने नंबर विचारला. मी सांगितला. विचारलं की तोच येतो मला." पावती त्यांनी माझ्याकडे सरकवली. "हे मी तिऱ्हाइतासमोर बोलणार नाही. माझ्या हयातीत तूही बोलू नकोस."

कोर्टात मी हे सगळं सांगितलं. समुद्र, यंत्र, रांग. हातावर गोंदवण्याचं मात्र सांगितलं नाही.

मिसेस थर्लबींनी आपले कागद चाळले. एका पानावर बोट ठेवलं. "कंपनीच्या नोंदीत त्या वेळेला हा नंबर आहे, मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन तासांचे पैसे जमा आहेत. उशिराबद्दल आमची हरकत नाही. दावाही आम्ही मागे घेतो."

न्यायाधीशबाईंनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिता, वर न बघता, त्या म्हणाल्या, "निकाल रद्द. मिस्टर डॉब्नी यांनी पैसे भरले होते."

एवढंच वाक्य. ज्यांनी ते ऐकायला हवं होतं, ते बाबा आता नव्हते. म्हणून मी जरा नीट बसून ऐकलं.

बाहेर भिंतीवर आजच्या प्रकरणांची यादी लावली होती. काळा झगा घातलेली शिपाईबाई तिच्यासमोर उभी होती.

"झालं का तुमचं, ताई?"

"झालं."

तिने पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि वडिलांच्या नावावर रेघ मारली, अगदी सरळ. ती निघून गेल्यावरही मी तिथेच थांबले. रेघेखाली नाव अजून नीट वाचता येत होतं.