जाळीचं दार

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरात जेवढ्या माश्या झाल्या तेवढ्या पूर्वी कधी झाल्या नव्हत्या. निदान मला तसं वाटलं. पलीकडच्या शेतात साखर कारखान्याची मळी आणून टाकली होती आणि आंब्याचे दिवस होते. एरवी मी वर्तमानपत्राची घडी करून दोन-चार मारल्या असत्या आणि पुन्हा वाचत बसलो असतो. पण दया, माझी पत्नी, खुब्याचं ऑपरेशन होऊन कोपरगावहून नुकतीच घरी आली होती. जखम अजून ओली होती. तिच्यावर माशी बसता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले होते आणि मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

मी कापूर जाळला, फिनेलने फरशी पुसली. कुठेतरी वाचलं होतं म्हणून पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी दाराच्या चौकटीला टांगली. शेजारच्या मुक्ताबाई तिच्याखालून वाकून आत आल्या.

"सलाम, मास्तर," त्या म्हणाल्या. सलाम म्हणायची रीत आमच्या चर्चमधली. त्या मला चिडवायला ती वापरतात. "बाईचं सलाईन सुटलं, आता दाराला लावलं व्हय?"

दया हसली आणि हसताना दुखलं म्हणून कण्हली.

मुक्ताबाईंचा दोन म्हशींचा गोठा आमच्या भिंतीला लागूनच आहे. रोज दुपारी तीनला त्या दुधाचा तांब्या घेऊन यायच्या, दयाच्या खाटेपाशी बसायच्या, तिची वेणी घालायच्या आणि गावातलं सगळं सांगायच्या. तीस वर्षांत त्यांनी कधी दार वाजवलं नव्हतं, कारण दिवसा आमचं दार उघडंच असायचं. त्या वेळी मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचो. दोन बायकांच्या बोलण्यात काय बोलावं ते मला सुचत नाही. खरं तर पुरुषांच्याही सुचत नाही.

मग नगरहून आमच्या मुलीचा, आराधनाचा, फोन आला. "पप्पा, पिशव्या काय टांगता? जाळीचं दार करून घ्या."

वैजनाथ सुताराने दोन दिवसांत दार बसवलं. स्प्रिंग जरा ढिली होती, त्यामुळे आत आल्यावर दार ओढून घ्यावं लागे. मुक्ताबाईंच्या हातात तांब्या. त्या कोपराने दार ढकलून आत येत आणि ते तसंच अर्धवट राही. पहिल्या दिवशी पाच माश्या आत आल्या. मी मोजल्या.

त्यांना सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम. ते चार शब्द मी दोन दिवस जुळवत राहिलो. शेवटी जन्मभर शाळेत जे केलं तेच केलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि जाळीला बांधलं : 'कृपया दार ओढून घ्यावे. गोठ्यातील माश्या आत येतात. रुग्णास जंतुसंसर्गाचे भय आहे.' 'गोठ्यातील' हा शब्द नेमकेपणासाठी घातला. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. नसावं, असं मी धरून चालतो.

मुक्ताबाईंना वाचता येत नाही. त्या दिवशी त्या दारापाशी थांबल्या, पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली. मोनिका माझी विद्यार्थिनी. तिने ती तीनही वाक्यं मोठ्याने, कुठेही न अडखळता वाचली. मी आत बसून ऐकत होतो. उठलो नाही.

मुक्ताबाईंनी तांब्या ओट्यावर ठेवला आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून दूध मोनिका आणू लागली.

घरात माशी उरली नाही. जखम सुकायला लागली. दयाचं बोलणं मात्र कमी होत गेलं. मी तिची वेणी घालून पाहिली. तिने ती हाताने चाचपली आणि सोडून टाकली.

"मुक्ता का येत नाही?" तिने विचारलं.

"गावाला गेली असेल."

तेवढ्यात भिंतीपलीकडून मुक्ताबाई म्हशीवर ओरडल्या. दया माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दारावर काय लावलंय ते आणा इकडे."

मी आणलं. तिने वाचलं, पुठ्ठा उलटा करून पोटावर ठेवला.

"दवाखान्यात चार दिवस माझं भांडं कोणी उचललं?"

"मुक्ताबाईंनी."

"मग जा आणि तिला सांगा. लिहून नाही, तोंडाने."

गोठ्यात धूर भरला होता. मुक्ताबाई पाटीत शेण गोळा करत होत्या. मी तीन वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती उंबऱ्यावरच विसरलो.

"तो पुठ्ठा," मी म्हणालो.

"अक्षर लई सुरेख हाय म्हनं. मोनिका सांगत हुती."

"माझं चुकलं, मुक्ताबाई."

त्यांनी पाटी उचलून बाजूला ठेवली. "तीस वर्सं मी तुमच्यात येते. दार ओढ म्हनला असता तर ओढलं असतं. तोंड न्हाई का तुमाला?"

"आहे. वेळेवर सापडत नाही."

त्या हसल्या नाहीत. धुमसणाऱ्या कडुलिंबाच्या पाल्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "ह्यो धूर कशापायी करते, ठावं हाय? बाई दवाखान्यातून आल्यापास्नं रोज करते. माश्या तुमच्याकडं जाऊ नयेत म्हनून. आन तुमी पाटी लावली."

तीन आठवडे मी तो धूर पाहत होतो. गोठ्याचाच काही रिवाज असेल, असं समजत होतो. विचारलं नव्हतं.

"उद्या याल?"

"बगू," त्या म्हणाल्या आणि म्हशीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी तीनला जाळीपलीकडे त्या दिसल्या. हात रिकामे होते, तरी दाराला त्यांनी हात लावला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

"अहो," दया खाटेवरून म्हणाली.

मी उठून दार उघडलं. त्या तरीही जागच्या हलल्या नाहीत. त्या कशाची वाट पाहतायत हे कळायला मला वेळ लागला. तीस वर्षांत ते मी एकदाही म्हटलं नव्हतं. उघड्या दारामुळे म्हणावंच लागलं नव्हतं.

"या," मी म्हणालो.

"कोन?"

"या, मुक्ताबाई."

त्या आत आल्या. त्यांच्याबरोबर दोन माश्याही आल्या. मी दार ओढून घेतलं.

स्प्रिंग आता वैजनाथने घट्ट करून दिली आहे आणि दया काठी घेऊन चालते. तरी मुक्ताबाई दार ढकलत नाहीत. तीनला पाच कमी असले की मी पुस्तक मिटतो आणि खुर्ची दाराजवळ घेतो. परवा मी आणखी एक वाक्य बोललो, "आज ऊन फार आहे."

"बाई," मुक्ताबाई आत जाता जाता म्हणाल्या, "मास्तर आज लई बोलायलेत. ताप बिप न्हाई ना?"