धूर येत नव्हता

थोरल्याने गॅरेजचं शटर अर्धं वर ढकललं होतं, तेवढ्यात धाकट्याची बायको अनवाणीच धावत आली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या दारात उभी होती. दोन्ही घरांत एका भिंतीचं अंतर, पण येणं-जाणं तर सोडाच, समोरासमोर आले तरी दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत नसत.

"दादा, गाडी चालू होत नाहीये," ती धापा टाकत म्हणाली. "हॉस्पिटलचा फोन आलाय. यांच्यासाठी किडनी मिळतेय. दहाच्या आत पोचा म्हणाले, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावतील."

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. शहर तीन तासांवर.

"टॅक्सी?"

"सव्वा तासाने येतो म्हणतोय. अँब्युलन्स कुणाला तरी घेऊन गेलीय."

गॅरेजात दोन गाड्या होत्या. एकीचं इंजिन खाली उतरवलेलं, दुसरी चाकं काढून विटांवर ठेवलेली. थोरल्याने पान्यांची पेटी उचलली आणि तिच्या मागे निघाला.

धाकटा पायरीवर बसला होता, मांडीवर रिपोर्टांची फाईल. चेहरा सुजलेला, हात काडीसारखे. थोरल्याला पाहून त्याने मान फिरवली. त्यात नवल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा थोरल्याची किडनी जुळली होती. थोरल्याने कागदांवर सह्याही केल्या होत्या. पण दाखल व्हायच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि तिथून जो फिरला, तो बस धरून थेट घरी आला. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

"सेल्फ मार," तो धाकट्याच्या बायकोला म्हणाला.

इंजिन फिरलं, चांगलं जोरात फिरलं, पण पेट घेईना.

"बास. थांब." बॅटरी धड होती, स्टार्टर धड होता. डिझेलचा काटा अर्ध्यावर. थंडीची सकाळ म्हणून त्याला आधी इंजिन आतून तापवणाऱ्या हीटर प्लगचा संशय आला. त्याने बॉनेट उघडलं आणि वायरी सोडवायला घेतल्या.

"सांग त्याला," पायरीवरून धाकट्याचा आवाज आला. बोलला तो बायकोशी. "हीटर नवे आहेत."

थोरल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि हीटर तपासलेच. चारही चांगले निघाले. सात मिनिटं पाण्यात गेली. त्याचे कान तापले. घाई झाली की हात आधी चालतात आणि डोकं मागून येतं, हे तो वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आला होता.

तो गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. "पुन्हा मार. दहापर्यंत मोज आणि सोड."

सायलेन्सरपुढे त्याने तळहात धरला. नुसती हवा लागत होती. पांढरा धूर नाही, काळा नाही, वाससुद्धा नाही. डिझेल आत जाऊन जळत नसतं तर पांढरा धूर दिसला असता. म्हणजे डिझेल पोचतच नव्हतं.

त्याने फिल्टरजवळचा रबरी हातपंप दाबला. तो कडक लागायला हवा होता, पण रिकाम्या पिशवीसारखा चेपला.

"लाइनमध्ये हवा शिरलीय," तो म्हणाला. "फिल्टर कुणी उघडला होता?"

धाकट्याची बायको खालच्या आवाजात म्हणाली, "गेल्या आठवड्यात. बाजारातल्या गॅरेजात. तुमच्याकडे कसं आणणार होतो?"

थोरला गाडीखाली सरकला. फिल्टरच्या बुडाला बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. डिझेलमधलं पाणी काढायचा तिथला स्क्रू सोडवून पाहिला. त्यावरची रबरी रिंग जुनीच बसवलेली, एका बाजूला चिरलेली. चार दिवस गाडी उभी होती, तेवढ्यात त्या चिरेतून हवा आत गेली आणि डिझेल टाकीकडे उतरलं.

साडेसहा. तो गॅरेजात पळाला. पेटीतल्या रिंगा एकतर मोठ्या, नाहीतर बारीक. विटांवरच्या गाडीचा फिल्टर त्याने पान्याने अक्षरशः ओरबाडून काढला. तिची रिंग बसली, अगदी मापात बसली.

मग हवा काढायचं काम. वरचा स्क्रू ढिला करून तो पंप दाबत राहिला. आधी नुसता फेस आला, मग फुसफुसत डिझेल, पुन्हा फेस. अंगठा बधिर झाला तेव्हा कुठे स्वच्छ धार लागली. त्याने स्क्रू आवळला.

"मार."

इंजिन फिरलं. पण आता आवाज जड झाला होता, बॅटरी उतरत होती. एक ठोका पडला, गाडी थरथरली आणि गप्प झाली.

धाकट्याच्या बायकोचा हात चावीवरच राहिला. "दादा, बॅटरी..."

"अजून एकदा निघेल. एकदाच." त्याने पुन्हा पंप दाबायला घेतला, पण अंगठा वळेना. तेवढ्यात शेजारून एक काडीसारखा हात आला आणि पंपावर बसला. धाकटा उठून आला होता.

"मी दाबतो. तू स्क्रू बघ," तो म्हणाला. या वेळी थेट.

पंप दगडासारखा कडक झाला. थोरल्याने मान हलवली. चावी फिरली. इंजिनाने दोन संथ फेरे घेतले, तिसऱ्याला अडखळलं, खोकलं, मागून पांढऱ्या धुराचा भपकारा आला आणि गाडी धडधडू लागली. सहा पंचावन्न झाले होते.

"आता वाटेत बंद करू नका," थोरला हात पुसत म्हणाला.

धाकटा मागच्या सीटवर बसला, दार मात्र उघडंच ठेवलं. "आणि आपोआप बंद पडली तर? तूच चल."

हॉस्पिटलच्या त्या पायऱ्या थोरल्याला स्वच्छ दिसल्या. तरी तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

दहाला चार मिनिटं असताना ते पोचले. पायऱ्यांवर त्याला पुन्हा मागे फिरावंसं वाटलं, पण काखेत धाकट्याचं ओझं होतं आणि ते सोडायला जागा नव्हती. रक्त घेतलं गेलं, चार-पाच तास कुणी काही सांगेना. मग नर्स येऊन म्हणाली, जुळतंय.

स्ट्रेचर हलायच्या आधी धाकट्याने विचारलं, "तेव्हा काय झालं होतं रे तुला?"

"घाबरलो होतो."

"एवढंच?"

"एवढंच."

धाकटा छताकडे पाहत म्हणाला, "मग तसं सांगायचं होतंस. मला वाटलं, मी तुला नकोसा झालोय." त्याने चादर मुठीत धरली. "आत्ता माझी पण फाटलीय."

थोरला दारापर्यंत स्ट्रेचरबरोबर चालला.

नवी किडनी पहिले तीन दिवस ढिम्म होती, लघवीचा थेंब नाही. डॉक्टर रोज 'थांबा' म्हणत आणि थोरला आणि धाकट्याची बायको आळीपाळीने बाकावर बसत. चौथ्या दिवशी सकाळी ती वॉर्डातून जवळजवळ पळतच बाहेर आली.

"दादा, लघवी झाली!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की सगळा कॉरिडॉर वळून पाहू लागला.