ओढ

"थांबलीस तर घरी येऊ नकोस!" आमचे हे मैदानात ओरडत होते, अर्थात तमिळमध्ये. आम्ही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी; घरी मराठी आणि मैदानात तमिळ, हा त्यांचा कायदा.

हे म्हणजे गुरुमूर्ती, शाळेतले ड्रिल मास्तर. पोलीस भरतीच्या पोरींना धाववायचे. आमची लेक लावण्याही त्यांच्यातच. परीक्षा जवळ आली म्हणून वैशाखातल्या दुपारीही पळा, आणि पळणं संपेपर्यंत पाणी बंद. पाण्याने पोट जड होतं म्हणे! मी ताकाचा तांब्या घेऊन कडुनिंबाखाली बसले होते आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करत होते.

मुलींना ते नेहमी शिकवायचे, "स्नायू म्हणजे चूल. साखर जळते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा पायांना मिळतो, बाकी नुसती धग." अहो, मग ती धग जाते कुठे, हे तुम्हाला कोण शिकवणार होतं?

लावण्या वळणावर हेलपाटली. मी धावले, ताक तोंडाला लावलं. तिने तांब्याच भिरकावला.

"कोण ग तू?"

मला, जन्म दिलेल्या आईला! हे तावातावाने आले. तिने फाडकन त्यांच्या मुस्कटात मारली. बापाचा हात, तोही उठला. तिचा ओठ फुटला. तिने त्यांच्या मनगटात दात रोवले आणि रक्त आलं तरी सोडेना.

"मास्टर, हिच्या अंगात आलंय!" तिची मैत्रीण अंबुजा किंचाळली.

हात सोडवताना ह्यांच्या तळव्याला तिचं कपाळ लागलं. तापला तवा. हे माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले,

"अय्यो राजम, भाजतें हो पोर!"

अंबुजाने तोवर लावण्याचा दंड घट्ट धरला होता. आणि जन्मात पहिल्यांदा हे मैदानात मराठीत ओरडले, "ओढ! सावलीत ओढ तिला!"

अंबुजाला मराठी कुठलं? तिला ऐकू आलं 'ओडु'. तमिळमध्ये ओडु म्हणजे धाव. मास्तरांचा रोजचा हुकूम. तिने दंड सोडला.

लावण्या धावली. काय कळलं तिला, देव जाणे, पण मैदानावर बापाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. फुटक्या ओठाने, भर उन्हात, ती सरळ कुंपणाच्या भिंतीवर जाऊन आदळली आणि हातपाय झाडत पडली.

दवाखान्यात तिला बर्फात ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उष्माघात; स्नायू आतल्या आत फुटून रक्तात मिसळलेत, मूत्रपिंडं बंद पडली. नळीतून कॉफीच्या डिकाशनसारखं काळं काहीतरी उतरत होतं. पौर्णिमेच्या आत ती गेली.

मी ह्यांना नाही नाही ते बोलले. तुम्हीच मारलीत, असंही बोलले. त्यांनी मैदान सोडलं.

ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसाने आमच्या न्हाणीघराचं दार फुगतं. दरवर्षी आतून हाक यायची, "राजम, ओढ ग!" परवा हे आत अडकले. बाहेर मला दाराचे धक्के ऐकू येत होते, पण हाक येईना. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

शेवटी आतून हळूच म्हणाले, "राजम... दार तुझ्याकडे घे."

मी कडी धरून दार माझ्याकडे घेतलं. हे ओलेते उभे होते, दातांचे वण उमटलेलं मनगट छातीशी धरून.